धुराचा मुनीम

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की घरोघरी दोन प्रकारचे वर्तन दिसते. काही घरांत ‘गाडी चालते आहे ना’ म्हणून तो दिवा महिनोन्महिने जळत राहतो. काही घरांत त्याच दिवशी गाडी गॅरेजच्या दारात नेली जाते आणि समोर येईल त्या अंदाजपत्रकावर मान डोलावली जाते. आलेल्या मालाचे वजन स्वतःच्या काट्यावर करून घेणारा आणि धनादेशावरील तारीख दोनदा वाचणारा व्यापारी या एका बाबतीत मात्र सही केलेला कोरा धनादेश परक्याच्या हाती देतो. याचे कारण सरळ आहे. आतला व्यवहार त्याला दिसत नाही.

त्या दिव्यामागे अनेक कारणे असू शकतात. पेट्रोल गाड्यांत वरचेवर आढळणारे एक कारण म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. अंगठ्याएवढा, एका टोकाला धातूची सच्छिद्र टोपी आणि दुसऱ्या टोकाला वायर असलेला हा भाग धूर वाहून नेणाऱ्या नळीत स्क्रूसारखा बसवलेला असतो. त्याचे काम मुनीमाचे आहे. इंजिनात पेट्रोल किती गेले, हवा किती गेली, याचा मेळ तो धुरात उरलेल्या ऑक्सिजनवरून घेतो आणि गाडीच्या संगणकाला सेकंदोसेकंद कळवतो. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल न जळता धुरातून निघून जाते. हवा जास्त झाली तर ऑक्सिजन शिल्लक राहतो. प्रत्यक्ष हवा आणि आवश्यक हवा यांच्या गुणोत्तराला ‘लॅम्डा’ हे ग्रीक अक्षर दिले आहे. खाते जुळले म्हणजे लॅम्डा १.

त्याच्या आत झिर्कोनियाची, म्हणजे एका प्रकारच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची, टोपणाच्या आकाराची नळी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा पातळ थर असतो. एका बाजूस धूर, दुसऱ्या बाजूस बाहेरची स्वच्छ हवा. दोन्हींकडील ऑक्सिजनच्या प्रमाणात जितकी तफावत, तितकी वीज त्यातून उत्पन्न होते. पेट्रोल जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त असेल तर ०.१ व्होल्ट. या सिद्धान्तामागील सूत्र जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट याने १८८९ मध्ये मांडले. रसायनशास्त्राचे १९२० सालचे नोबेल त्याच्याच नावावर आहे. तापल्यावर झिर्कोनियातून वीज वाहते, या गुणाचा उपयोग त्याने १८९७ च्या सुमारास विजेच्या दिव्यासाठी करून पाहिला होता. दिवा मागे पडला, पदार्थ मात्र टिकला. बॉश कंपनीने त्याचा मोटारीसाठी सेन्सर केला आणि १९७६ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत तो प्रथम बसला. भारतात तो रुळण्यास शिसेविरहित पेट्रोल यावे लागले, कारण शिसे या सेन्सरलाही मारते आणि त्यापुढील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही. २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आणि वाट मोकळी झाली.

या नळीला काम करण्यासाठी ३०० अंशांहून अधिक उष्णता लागते. केवळ धुराच्या उष्णतेवर विसंबले तर गाडी सुरू झाल्यावर बराच वेळ मुनीम झोपलेलाच राहील. म्हणून त्याच्या पोटात छोटा विद्युत तापक बसवतात. हा तापक जळणे हीच या सेन्सरची नेहमीची व्याधी. लांब पल्ल्याच्या गाडीला त्याचे फारसे जाणवत नाही. पण घर ते पेढी, पेढी ते बँक, बँक ते घर अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत सेन्सर तापण्यापूर्वीच प्रवास संपतो. तोवर संगणक अंदाजाने पेट्रोल सोडतो, आणि असा अंदाज नेहमी जास्तीच्या बाजूने असतो. व्यापाऱ्यांच्या गाड्या बहुधा याच प्रकारच्या असतात, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी असलेल्या एका एकत्र कुटुंबातील गाडीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. गाडी २०१७ सालची, बीएस-४ मानकाची, पेट्रोलवर चालणारी. पिवळा दिवा लागून दोन महिने झाले होते. पूर्वी लिटरला सोळा किलोमीटर देणारी गाडी तेरावर आली होती आणि पीयूसीची मुदत संपण्यास तीन आठवडे उरले होते. गॅरेजमध्ये सांगण्यात आले, की सेन्सर इंजिनाच्या मागच्या अंगाला, पत्र्याला लागून आहे. तेथे हात जात नाही. अर्धे सामान उतरवावे लागेल. आणि एवढे उघडतोच आहोत तर कन्व्हर्टरही बदलून घ्या. अंदाज अडतीस हजारांचा. घरातील थोरल्यांच्या मनात गाडी विकून टाकण्याचा विचार आला. त्या आठवड्यात आलेल्या गिऱ्हाइकाने दिवा पाहिला आणि किंमत साठ हजारांनी पाडली.

धाकट्या भावाचा मुलगा तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला. तो म्हणाला, “काका, विकायची असेल तरी दिवा घालवून विकू. आधी दिवा काय म्हणतोय ते वाचू या.”

काकांनी त्याला एक रविवार दिला.

हे ‘वाचणे’ फारसे अवघड नाही. चालकाच्या पायांवरील भागात, डॅशबोर्डच्या खाली, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारा छोटा स्कॅनर लावला, की भ्रमणध्वनीवर दोषाचा सांकेतिक क्रमांक दिसतो. या गाडीत एकच क्रमांक होता, पी ०१३५. त्याचा अर्थ कन्व्हर्टरच्या आधी बसलेल्या सेन्सरच्या तापकाचे मंडल बिघडले. कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटली असती तर पी ०४२० हा क्रमांक दिसला असता. तो कोठेही नव्हता. अडतीस हजारांच्या अंदाजातील मोठा आकडा ज्या वस्तूसाठी होता, त्या वस्तूविरुद्ध गाडीच्या वहीत एकही नोंद नव्हती.

तरीही क्रमांक म्हणजे निकाल नव्हे, ती केवळ फिर्याद असते. ‘तापकाचे मंडल’ यात फ्यूज येतो, वायर येते, जोडणी येते आणि तापकही येतो. धान्य, हळद, गूळ यांच्या गोदामाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत वायर कुरतडणारे उंदीर हे पहिले संशयित. त्यामुळे पुतण्याने आधी फ्यूज पाहिला, मग वायर डोळ्यांनी आणि बोटांनी शेवटपर्यंत तपासली. दोन्ही ठीक होती. जोडणी सोडवून, इंजिन सुरू ठेवून गाडीच्या बाजूने वीज येते का हे मल्टिमीटरने पाहिले, येत होती. शेवटी इंजिन बंद करून सेन्सरच्या बाजूच्या दोन एकाच रंगाच्या वायरींमधील रोध मोजला. तापक धडधाकट असेल तर तेथे काही ओहम दाखवले जातात. मीटर हललाच नाही. तापक तुटलेला होता. येथपर्यंत एक बोल्टही सैल करावा लागला नव्हता, आणि हीच या सगळ्या कामातली मोलाची अर्धी बाजू आहे. अनेकजण क्रमांक पाहून थेट सेन्सर विकत घेतात, आणि दोष पाच रुपयांच्या फ्यूजमध्ये निघतो.

येथे एक उपकथन आवश्यक आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉलच्या पूर्ण ज्वलनाला त्याच्या वजनाच्या सुमारे नऊपट हवा पुरते, त्यामुळे या मिश्रणाचे खाते १४.७ ऐवजी साधारण साडेतेरावर जुळते. जुन्या गाडीचा संगणक सेन्सरच्या सांगण्यावरून पेट्रोल थोडे वाढवून हा फरक भरून काढतो. अशा गाडीत ‘हवा जास्त, इंधन कमी’ अशी तक्रार उमटली, तर ती सेन्सरची चूक असेलच असे नाही. मुनीम खरे सांगत असतो, माल बदललेला असतो. नळीला सेन्सरच्या आधी भेग पडून बाहेरची हवा आत शिरत असेल तरीही हाच गैरसमज होतो. जे वाईट वार्ता आणतो त्यालाच कामावरून काढण्याची प्रथा पेढीवर असते, तशी गॅरेजमध्येही असते.

सेन्सर मागवताना पुतण्याने गाडीचा चॅसिस क्रमांक देऊन उत्पादकाच्या सुट्या भागांच्या अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घेतला. चार हजार दोनशे रुपये. अर्ध्या किमतीत ‘सर्व गाड्यांना चालणारा’ सेन्सरही मिळत होता, पण त्याच्या वायरी कापून जोडाव्या लागतात. पुष्कळ सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आतूनच मिळते. तेथे कथिल लावून डाग दिला, तर ती वाट बुजते आणि नवा सेन्सर पहिल्या दिवसापासून खोटे बोलू लागतो. दोन हजार वाचवून सारे काम पुन्हा करण्यात शहाणपण नव्हते.

आता अवघड जागेचा प्रश्न. आडव्या बसवलेल्या इंजिनात धुराचा मार्ग मागच्या अंगाने काढलेला असेल, तर पहिला सेन्सर इंजिन आणि प्रवाशांच्या कक्षामधील पत्रा यांच्या चिमटीत येतो. वरून पाहिले तर तो दिसतो, पण पाना फिरवण्यास जागा नसते; खालून हात पोहोचतो, पण दिसत नाही. आडव्या सहा सिलिंडरांच्या गाड्यांत तर मागच्या रांगेच्या सेन्सरसाठी अनुभवी कारागीरही कपाळाला हात लावतात. या गाडीत वायपरखालची प्लॅस्टिकची जाळी आणि तिच्याखालचा पत्रा उतरवल्यावर एका हाताची वाट झाली. उष्णता अडवणाऱ्या पातळ पत्र्याचे तीन बोल्ट मात्र खालूनच निघणार होते.

पुतण्याने गाडी जॅकवर उचलली आणि खाली सरकण्याच्या बेतात असताना काका पायरीवरून उतरले. गोदामातल्या चार विटा चाकाजवळ रचून ठेवल्या होत्या. “नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली जायचं नाही,” ते म्हणाले. “आणि त्या विटांचा तर विचारही नको. स्टँड आण, नाहीतर गाडी उतरव.”

पुतण्याला ते अतिसावधपणाचे वाटले असावे, पण काकांचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. वीट दाबाखाली वाकत नाही, सूचना देत नाही. एका क्षणी चुरा होते. दोन लोखंडी स्टँड दोन हजारांना आले. ते सपाट फरशीवर, कंपनीने दाखवलेल्या जागीच लावले, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या दिल्या, हातब्रेक ओढला आणि खाली जाण्यापूर्वी गाडी हाताने जोराने हलवून पाहिली. ज्या घरात एवढे करण्याची तयारी नाही, त्या घराने हे काम हाती घेऊ नये; तेथे गॅरेजची मजुरी हाच स्वस्त सौदा आहे.

आठ वर्षे तापत आणि थंड होत आलेला सेन्सर सहज सुटत नाही. त्यासाठी वायरीला वाट देणारी, एका बाजूने चिरलेली बावीस मिलिमीटरची खास सॉकेट मिळते. ती सोयीची आहे, पण चीर असल्यामुळे जोर लावताच तिचे तोंड फाकते. पहिल्या रविवारी तेच झाले. सॉकेट दोनदा घसरली, षट्कोनाचे कोपरे झिजू लागले. पुतण्याचा उत्साह अशा वेळी वाढला होता. काकांनी मात्र त्या दिवसापुरते काम थांबवले. कोपरे पूर्ण गोल झाले, किंवा आटे नळीसकट ओरबाडून निघाले, तर चार हजारांचे काम पुन्हा अडतीस हजारांकडे जाते, हा हिशेब त्यांना न शिकवता कळत होता.

थंड नळीवर, आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल फवारून रात्रभर मुरू दिले. हे तेल ज्वालाग्राही असते. तापलेल्या नळीवर ते कधीही मारायचे नाही. सकाळी वरचे तेल पुसून घेतले, गाडी स्टँडवरून उतरवली आणि उघड्या अंगणात पाच मिनिटे इंजिन चालवले. बंद पार्किंगमध्ये असे करणे जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. मग गाडी पुन्हा स्टँडवर घेऊन, नळी हातमोज्यातून सोसवेल इतकी निवेपर्यंत थांबले. कोमट अवस्थेत नळीचे आटे किंचित सैल होतात. पार थंड झाली की घट्ट, आणि लाल तापलेली असेल तर हात भाजतो आणि आटेही ओरबाडतात. बॅटरीची ऋण तार सोडवली.

त्यानंतर पुतण्याने जुन्या सेन्सरची वायर सरळ कापून टाकली. काकांच्या भुवया उंचावल्या, पण युक्ती पक्की आहे. जो भाग टाकूनच द्यायचा, त्याची वायर जपण्याचे कारण नाही, आणि वायर गेली की न चिरलेला पूर्ण रिंग पाना षट्कोनाच्या सहाही अंगांना धरतो. मात्र नवा सेन्सर हाती असल्याशिवाय आणि त्याची जोडणी जुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय कात्री चालवू नये. पान्याला लांब नळी जोडून, हिसका न देता, दोघांनी मिळून सावकाश जोर दिला. एक कर्कश आवाज आला. दोघेही दचकले, काकांना वाटले नळी गेली. सेन्सर मात्र पाव फेरा फिरला होता. पुढे थोडे सोडायचे, थोडे परत आवळायचे, पुन्हा तेल, असे करत वीस मिनिटांत तो बाहेर आला. टोक काजळीने काळे झाले होते. जास्तीचे पेट्रोल कोठे जात होते त्याचा पुरावा.

नवा बसवण्याचे काम त्यामानाने लहान, पण घाईला जागा नाही. नव्या सेन्सरच्या आट्यांवर न चिकटण्याचे मलम बहुधा कारखान्यातच लावलेले असते. वेगळे लावावे लागले तर ते आट्यांपुरतेच, टोकाला कणभरही लागता कामा नये. सिलिकोनची लुगदी तर जवळपासही नको, तिची वाफ सेन्सर निकामी करते. सेन्सर हातातून फरशीवर पडला तर आतली नळी तडकलेली असू शकते, बाहेरून काही दिसत नसले तरी. आधी बोटांनीच तीन-चार फेरे सहज जायला हवेत. आटा चुकीचा बसत असेल तर तो बोटांना कळतो, पान्याला कळत नाही. मग सुमारे ४० ते ५० न्यूटन मीटर, किंवा त्या गाडीच्या पुस्तकात दिले असेल तेवढेच, आवळायचे. वायरीला पीळ पडू नये म्हणून जोडणी शेवटी करायची आणि वायर जुन्याच चिमट्यांतून न्यायची. ती नळीला टेकली तर आठवड्यात वितळते.

दुपारी एकपर्यंत जाळी परत बसली. स्कॅनरने जुना क्रमांक पुसला, इंजिन सुरू केले. दिवा लागला नाही.

खर्च असा झाला. सेन्सर ४,२००, स्टँड २,०००, सॉकेट आणि पाना १,५००, स्कॅनर ९००, तेल ३५०. एकूण ८,९५० रुपये. यांतील पावणेपाच हजार हे साधनांचे. पुतण्याने त्यांना ‘बचत’ म्हटले, काकांनी ती भांडवली खात्यात टाकली, कारण चुलत्यांच्या दोन गाड्याही त्याच वयाच्या आहेत. अडतीस हजारांशी तुलना करून एकोणतीस हजार वाचले असे म्हणणे मात्र खरे नव्हे. कन्व्हर्टर बदलण्याची गरजच नव्हती. नुसता सेन्सर गॅरेजमधून बदलून घेतला असता तर सहा-सात हजारांत भागले असते. खरी बचत हत्याराने केली नाही, दिव्याचा क्रमांक वाचण्याने केली. आणि ज्याच्या गाडीची वॉरंटी चालू आहे त्याने वाचण्यापलीकडे काहीही करू नये.

आणखी काही महिने तसेच चालवले असते, तर गॅरेजचे भाकीत खरे ठरण्याचा संभव होता. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो इतका तापतो, की आतील मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळू लागते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप असतो. त्याची किंमत ही त्या धातूंची किंमत आहे.

पीयूसीसाठी काकांना त्याच संध्याकाळी जायचे होते. पुतण्याने चार दिवस थांबवले. दोष पुसल्यावर संगणकाच्या जुन्या नोंदीही पुसल्या जातात आणि इंधनाचे प्रमाण त्याला नव्याने शिकावे लागते. त्यासाठी थोडे शहरातले, थोडे हमरस्त्यावरचे चालवणे लागते. मुदतीला अजून अवकाश होता. मुदत उलटून सापडल्यास दंड दहा हजारांपर्यंत जातो. बीएस-४ पेट्रोल गाडीत इंजिनाचे फेरे २,५०० च्या आसपास ठेवून लॅम्डा तपासतात, तो ०.९७ ते १.०३ यांच्या आत हवा. गुरुवारी कोल्हापूरला माल पाहण्यास जाऊन आल्यावर तपासणी केली. पावतीवर १.०१ आले.

गाडी विकण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. काकांनी गाडीच्या वहीत तारीख, किलोमीटर, सेन्सरचा क्रमांक आणि बिलाचा क्रमांक लिहिला. सेन्सरची वॉरंटी एक वर्षाची आहे, आणि बिल वहीच्या मागील पाकिटात आहे.